चार तासांतला अर्धा तास

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. आठवड्यातले हे तीन दिवस माझे नाहीत. सकाळच्या एसटीने मी जिल्ह्याच्या गावी जातो, नऊच्या सुमारास डायलिसिसच्या खुर्चीवर बसतो आणि पुढचे चार तास माझं रक्त शरीराबाहेर जाऊन, धुऊन परत येत राहतं. आठवड्याला १२ तास. एकदा रिकामपणी मी वर्षाचा हिशेब मांडला. ६२४ तास भरले. रात्र आणि दिवस एक करून मोजले तर बरोबर २६ दिवस. मला डायलिसिस सुरू होऊन सात वर्षं झाली. म्हणजे आयुष्यातले सहा महिने मी एका खुर्चीवर काढले आहेत. त्यातला बराचसा वेळ छताकडे बघत, डुलक्या घेत आणि शेजारच्याच्या मोबाइलवरचा सिनेमा नुसता ऐकत गेला. मला आज सांगायचं आहे ते या चार तासांतल्या अर्ध्या तासाबद्दल.

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस आहे. पण ज्या यंत्राशी आपली नाळ जोडली गेली आहे ते समजून घ्यावं, एवढं कुतूहल शिल्लक होतं. विचारत गेलो, वाचत गेलो. जे नीट कळलं तेवढंच सांगतो.

आपली मूत्रपिंडं मुठीएवढी. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या. निरोगी माणसाची मूत्रपिंडं दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे सोडून बाकी सगळा शरीराला परत करतात. मधुमेह आणि रक्तदाब ही या गाळण्या निकामी होण्याची सगळ्यांत मोठी कारणं. माझं कारण रक्तदाबाचं; गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, हा माझा शिरस्ता होता. पण मूत्रपिंड नुसतं गाळत नाही. रक्त तयार करा असा निरोप हाडांतल्या मगजाला तेच धाडतं, ‘ड’ जीवनसत्त्व कामाला लावतं, रक्तातलं आम्ल आवरतं. यंत्राला यातलं गाळणं तेवढं जमतं, आम्लाचंही थोडंफार जमतं. बाकीच्यासाठी इंजेक्शनं आणि गोळ्या.

गाळण्याची रीत साधी आहे. मिनिटाला पाव लिटर किंवा थोडं जास्त रक्त एका नळीतून बाहेर येतं आणि केसांसारख्या पोकळ धाग्यांच्या जुडग्यातून जातं. धाग्यांच्या बाहेरून उलट्या दिशेने क्षारांचं पाणी वाहत असतं, मिनिटाला साधारण अर्धा लिटर. घाण धाग्याच्या भिंतीतून पलीकडे जाते. एका माणसाच्या एका बैठकीला असं सुमारे १२० लिटर पाणी लागतं, घरातल्या आठ-दहा बादल्या. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी चार दिवसांनी येतं, तेव्हा हा आकडा मला जरा ओशाळवतो.

हे यंत्र पहिल्यांदा चाललं ते १९४३ साली हॉलंडमध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या देशात. विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरने सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळीची गाळणी करून ती एका फिरत्या ड्रमभोवती गुंडाळली. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई वाचली आणि कोल्फ यांचं म्हणणं खरं ठरलं. पण तेव्हा दर वेळी नवी शीर उघडावी लागे. अमेरिकेत सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० साली हातात कायमची नळी बसवायची युक्ती काढली, तेव्हा कुठे माणूस वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगू लागला. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मनगटातली रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडायची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिला फिस्टुला म्हणतात. माझ्या डाव्या हातात तोच आहे. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. रात्री सगळं शांत झालं की उशीवर ठेवलेल्या हातातून तो आवाज मला ऐकूही येतो. तो ऐकत झोपायची आता सवय झाली आहे. एखाद्या रात्री ऐकू आला नाही तर मी उठून तपासतो.

या सगळ्या इतिहासात प्रश्न होता तो माणूस जगवायचा. जगलेल्या माणसाचं पुढे काय, हा प्रश्न बराच उशिरा आला. माझ्याही बाबतीत तसंच झालं.

चार वर्षांपूर्वी माझे थोरले भाऊ वारले. दफनानंतर प्रत्येकाने तीन मुठी माती द्यायची असते. माझी पाळी आली. मी वाकलो आणि तिथेच अडकलो. मांड्यांत जीव नव्हता. गुडघे टेकावेत तर पुन्हा उठता येईल याची खात्री नाही, आणि मागे माणसं खोळंबलेली. शेवटी पुतण्याने खाली वाकून माती उचलली आणि माझ्या ओंजळीत घातली. बडे भाईंना मी माती दिली ती अशी, दुसऱ्याने उचलून दिलेली.

त्याच आठवड्यात माझे रिपोर्ट आले होते. हिमोग्लोबिन ठीक, पोटॅशियम ठीक, फॉस्फरस थोडा जास्त. डॉक्टर समाधानी होते. मीही ‘बरं आहे’ म्हणालो. खाली वाकून उठता येतं का, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारण्यासारखी ती गोष्ट आहे हे मलाही सुचलं नव्हतं. एसटीची पायरी चढताना कंडक्टरने हात धरायचा, मशिदीत मागच्या रांगेत खुर्चीवर बसून नमाज पढायची, लग्नात पंगत सोडून टेबल शोधायचं, हे सगळं वयाच्या आणि आजाराच्या नावावर मी जमा करून टाकलं होतं. आजाऱ्याला बसून नमाज पढायची मुभा आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण मी जमिनीवरून खुर्चीवर कधी गेलो तो दिवस मला आठवत नव्हता.

पायांतलं हे बळ जातं कुठे? कारणं पुष्कळ आहेत. रक्तात आम्ल वाढलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. रक्त कमी, त्यामुळे प्राणवायू कमी. यंत्र घाण काढतं तशी प्रथिनांची घटकद्रव्यंही थोडी धुऊन नेतं. आणि इथे घरोघरी एक घोटाळा होतो. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टरांनी डाळ, अंडी, मटण कमी करायला सांगितलेलं असतं. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनं वाढवायची असतात, पण घरातली माणसं जुनंच पथ्य श्रद्धेने पाळत राहतात. आमच्या घरी वर्षभर तेच चाललं. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं तेव्हा उलगडा झाला, आणि माझ्या पत्नीने मला रोज अंड्याचा पांढरा भाग द्यायला सुरुवात केली. (ईदचा शीरखुर्मा मात्र दोनच चमचे. दूध, सुका मेवा आणि खारीक म्हणजे फॉस्फरस आणि पोटॅशियमची मेजवानीच.)

या सगळ्यांत भर पडते बसून राहण्याची. आठवड्याचे १२ तास खुर्चीवर, घरी आल्यावर दमून आडवं, दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही काही करू नका’ असं घरच्यांचं प्रेम. मांडीचे स्नायू सगळ्यांत आधी ओसरतात, आणि उठणं, चढणं, वाकणं हे त्यांचंच काम.

भावाचं आटोपून मी परत डायलिसिसला गेलो तेव्हा आमच्या विभागात फिजिओथेरपीची एक तरुण मुलगी येऊ लागली होती. माझी पाळी सुरू होण्याआधी तिने साधी खुर्ची मांडली आणि म्हणाली, ‘चाचा, हात न टेकता एका मिनिटात किती वेळा उठता-बसता ते बघू.’ मी सात वेळा उठलो आणि धापा टाकू लागलो. तिने वहीत ‘७’ लिहिलं. इतक्या वर्षांत माझ्या आजाराचा मला समजलेला पहिला आकडा तो.

सुरुवात यंत्राने झालीच नाही. अर्ध्या किलोची वाळूची पिशवी घोट्याला बांधायची आणि बसल्या जागी गुडघा सरळ करायचा. दहा वेळा, मग दुसरा पाय. महिनाभराने तिने पायाने फिरवायचं एक छोटं यंत्र आणलं, नुसती पेडलं असलेलं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं फिरवलं. माझं लक्ष सारखं हातातल्या सुयांकडे. मशीनचा भोंगा एकदा वाजला तर साऱ्या खोलीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लाइट घालवली.

डायलिसिस चालू असतानाच हा व्यायाम का करायचा, हा प्रश्न तुम्हाला पडेल, मलाही पडला होता. एक कारण अगदी व्यवहारी आहे: तो वेळ तसाही गेलेला असतो, आणि घरी जाऊन व्यायाम करू म्हणणारे आम्ही करत नाही. शिवाय तिथे रक्तदाब बघायला सिस्टर असते. दुसरं कारण असं की, घाण केवळ रक्तात नसते, स्नायूंतही साठलेली असते. पाय चालू लागले की स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या उघडतात, तिथली घाण रक्तात येते आणि यंत्राच्या हाती लागते. हा फायदा थोडा आहे. त्याच्या भरवशावर डायलिसिसची वेळ कमी करायचा विचारही कुणी करू नये.

व्यायाम पहिल्या दोन तासांत उरकायचा. पुढे शरीरातलं पाणी निघत जातं तसा रक्तदाब उतरू लागतो, आणि तेव्हा पाय चालवले तर चक्कर येऊ शकते, पोटरीत गोळे येतात. पाच मिनिटं हळूहळू, मग जरा जोर, शेवटी पुन्हा हळू. जोर किती, याचं डॉक्टरांचं माप मला फार आवडलं: बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. मी ते माझ्या धंद्याच्या भाषेत करून घेतलं. शेर म्हणता आला तर ठीक, तरन्नुममध्ये म्हणता आला तर जोर कमी पडतोय, आणि पहिली ओळ संपायच्या आत दम लागला तर थांबायचं.

काही दिवशी पेडलला पाय लावायचाच नाही. ताप असेल, छातीत दुखलं असेल, दम लागत असेल, आधीची पाळी चुकली असेल, दोन पाळ्यांमध्ये वजन फार वाढलं असेल, रक्तदाब फार चढलेला किंवा उतरलेला असेल, तर तो दिवस सोडायचा. मधुमेह असणाऱ्यांनी साखर तपासून घ्यायची. ज्यांना जांघेत नळी बसवली आहे त्यांनी सायकल नाही म्हणजे नाही. फिस्टुलाचा हात जागचा हलवायचा नाही. आणि सगळ्यांत आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. माझ्या बोलण्यावर विसंबून उद्या कुणी सुरुवात करू नये. प्रत्येकाचं हृदय वेगळं असतं.

चार महिन्यांनी तिच्या वहीत माझ्या नावापुढे ‘१३’ लागले. एसटीची पायरी मी दांडा धरून, पण कंडक्टरच्या हाताशिवाय चढू लागलो. पूर्वी डायलिसिसहून आल्यावर रात्रीपर्यंत आडवा असायचो, आता संध्याकाळच्या चहाला उठून बसतो. क्रिएटिनिन होतं तिथेच आहे. तहानही तेवढीच लागते.

हे झालं माझ्यापुरतं. एका माणसाच्या अनुभवावर औषध ठरत नाही, म्हणून जगात काय दिसलं तेही बघितलं. डायलिसिस चालू असताना सायकल चालवण्याचे प्रयोग अमेरिकेत १९८० च्या दशकातच झाले होते. इटलीत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ३०० रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांना डायलिसिस नसलेल्या दिवशी घरीच दहा-दहा मिनिटं दोनदा चालायला सांगितलं, मेट्रोनोमच्या ठेक्यावर. वृत्तात चालणारी माणसं, असं माझ्या मनात आलं. सहा महिन्यांनी, सहा मिनिटांत ती सरासरी ३२८ ऐवजी ३६७ मीटर चालू लागली. न चालणारे होते तिथेच राहिले.

ब्रिटनमध्ये मात्र २०२१ साली वेगळाच निकाल आला. सहा महिने डायलिसिसच्या वेळी सायकल, आणि मोजायचा होता तो जगण्याचा दर्जा. त्यासाठी एक प्रश्नावली असते: थकवा किती, वेदना किती, आजार आयुष्याच्या किती आड येतो, घरच्यांवर आपण ओझं झालो आहोत असं वाटतं का. सायकल चालवणाऱ्यांचे आणि न चालवणाऱ्यांचे गुण जवळपास सारखेच निघाले. अनेकांना ठरलेला व्यायाम झेपलाच नव्हता. हे वाचून मी जरा खट्टू झालो. मग वाटलं, यात आश्चर्य काय? आठवड्याचे तीन दिवस जातात ते जातातच, एसटीचं भाडं तेवढंच लागतं, मुलीच्या लग्नाची काळजी तशीच राहते. पेडल फिरवून तहान भागत नाही. पायांत बळ येणं आणि आपण ओझं नाही असं वाटणं, या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे.

जर्मनीचा अभ्यास २०२३ सालचा. २१ केंद्रं, ९१७ रुग्णांचा हिशेब, वयं सरासरी पासष्टीची, आणि वर्षभर प्रत्येक पाळीला शिकवायला माणूस हजर. परीक्षा तीच, माझ्यासारखी: एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता. व्यायाम करणारे १६ वरून १९ वर गेले. न करणारे १६ वरून १५ च्याही खाली आले. मला या दुसऱ्या आकड्याने जास्त विचारात पाडलं. आपण काही केलं नाही तर आहे तिथेच राहू, असं आपण धरून चालतो. इथे वर्षभर ‘आराम’ केलेली माणसं घसरली होती. शारीरिक क्षमतेबद्दलच्या प्रश्नांना आणि उत्साहाबद्दलच्या प्रश्नांना व्यायामवाल्यांची उत्तरं सुधारली. मनःस्थितीच्या प्रश्नांत फारसा फरक दिसला नाही.

माझ्या मते या अभ्यासांतली खरी मेख त्या ‘हजर माणसा’त आहे. आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस मिळू लागलं, २०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत यंत्रं आली. माझ्यासारखे कितीतरी त्यामुळे जिवंत आहेत. पण एक सिस्टर पाच-सहा जणांकडे बघते. तिने सुया टोचायच्या, रक्तदाब घ्यायचा, भोंगे बंद करायचे, की माझी पेडलं मोजायची?

आमची ती मुलगी दीड वर्षाने पुण्याला नोकरीला गेली. तिच्या जागी कुणी आलं नाही. पेडलचं यंत्र कोपऱ्यात गेलं आणि त्यावर चादरी ठेवल्या जाऊ लागल्या. त्याच सुमारास माझ्या उजव्या हाताच्या खुर्चीवरचे निवृत्त एसटी कंडक्टर गेले. आमच्यात सगळ्यांत नेटाने पाय चालवणारे तेच. घरी, झोपेत, हृदय बंद पडलं. डायलिसिसवरच्या माणसांचं हृदय असं दगा देतं, हे आम्हाला माहीत होतं, तरी त्यानंतर कुणाचा पाय पेडलकडे वळेना. एवढं करून काय मिळालं, असं कुणी बोललं नाही, पण खोलीत ते होतं. तीन महिन्यांनी मी स्वतःलाच मोजलं. १३ चे ९ झाले होते.

त्या चादरी उचलल्या त्या माझ्या डाव्या हाताच्या ऊसवाल्या शेतकऱ्याने. माळकरी माणूस. सात-आठ वाऱ्या पायी केलेल्या. त्यांनी डॉक्टरांना गाठून पुन्हा परवानगी घेतली, सिस्टरला रक्तदाब तेवढा बघायला राजी केलं, आणि मला म्हणाले, ‘शायर, तुम्ही मोजा की जरा. मला मशीनचा काटा दिसत न्हाई.’ मी मोजलं. मग त्यांनी माझं मोजलं. यंत्रावरचा किलोमीटरचा आकडा ते आता वहीत उतरवतात. त्यांच्या हिशेबाने आषाढीपर्यंत पंढरपूर यायला हवं. मला विचारतात, तुम्ही कुठवर आलात? मी म्हणतो, मी अजून आपल्या स्टँडवरच आहे, पायरी चढतोय.

गेल्या आठवड्यात एक नवा मुलगा आला, विशी-बाविशीचा. नात्यातल्या कुणाचं मूत्रपिंड जुळतं का, त्याच्या तपासण्या चालू आहेत. कानांत इअरफोन घालून पडला होता, पण आमची मोजदाद त्याला ऐकू जात असणार. उठताना त्याने विचारलं, ‘मला पण विचारावं लागेल का डॉक्टरांना?’ शेतकरी म्हणाले, ‘इचार की. आणि आल्यावर आधी खुर्चीवरनं उठून दाखव, नंबर लिवायला लागतोय.’

आता वहीत तीन नावं आहेत. मंगळवारी मोजायची पाळी माझी आहे.